वेठ : थकवणाऱ्या श्रमांचा एक शब्द आणि खान्देशची शेती

१/ संप पुकारला गेला की दुसऱ्या दिवशीचा मथळा जवळजवळ ठरलेला असतो : प्रवासी वेठीस, रुग्ण वेठीस, विद्यार्थी वेठीस. कामात लक्ष नसलेल्या माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, 'नुसती वेठ मारतोय.' हे दोन्ही वाक्प्रचार ज्या शब्दातून आले, त्या 'वेठ' या शब्दाचा हा धागा. प्रवास जुनागढच्या शिलालेखापासून खान्देशातल्या शहाद्यापर्यंतचा आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम शब्दांची शेजारपाजारची वस्ती पाहू. थकवणाऱ्या, पिळून काढणाऱ्या कामासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. कष्ट संस्कृतातून आले, मेहनत अरबीतून आली. दगदग, दमछाक, उरस्फोड, जिकीर हेही आहेत. हिंदीत 'यातायात' म्हणजे वाहतूक. मराठीत मात्र तो जिवाला त्रास देणारा खटाटोप झाला.

३/ या साऱ्या शब्दांत थकणारा माणूस दिसतो, थकवणारा दिसत नाही. कष्ट 'पडतात', दगदग 'होते', दमछाकही 'होते'. जणू पाऊस पडतो तशी. वेठीचे तसे नाही. वेठीस कोणीतरी 'धरतो', कोणीतरी 'लावतो'. क्रियापदच कर्ता मागते. थकव्याच्या मागे उभ्या असलेल्या सत्तेला व्याकरणात जागा देणारा हा शब्द आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो मोलाचा वाटतो.

४/ मूळ संस्कृत शब्द 'विष्टि'. अर्थ : राजाने किंवा राजाच्या नावाने करवून घेतलेले सक्तीचे, बिनमोबदल्याचे श्रम. प्राकृतातून झिजत झिजत तो मराठीत 'वेठ' झाला. गुजरातीतही 'वेठ'च आहे. तेलुगूत 'वेट्टी', तर कन्नडात 'बिट्टी', म्हणजे फुकट. एकाच शब्दाची ही भावंडे दख्खनभर पसरली आहेत, कारण ती पद्धतही दख्खनभर पसरलेली होती.

५/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीची कामे मोजून सांगितली आहेत. छावणीची जागा, रस्ते, विहिरी, घाट साफ करणे. यंत्रे, शस्त्रे, चिलखते, धान्य वाहून नेणे. आणि रणांगणावरून शस्त्रे व जखमी माणसे उचलून आणणे. युद्धाच्या वर्णनांत रथ, हत्ती, घोडे येतात. त्यांच्यामागे चालणारा हा ओझेवाला सहसा येत नाही.

६/ मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कारागीर, शिल्पी आणि अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांच्याकडून राजाने दरमहा एक दिवस काम करून घ्यावे, असे सांगितले आहे. ज्याच्याकडे धान्य आहे तो धान्यात कर देईल, ज्याच्याकडे फक्त हात आहेत तो हातांनी देईल, असा हा हिशेब. विष्टी म्हणजे शरीरातून वसूल होणारा कर.

७/ पहिला मोठा पुरावा इ.स. १५० च्या सुमाराचा. क्षत्रप रुद्रदामनाने जुनागढजवळच्या सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधला आणि तिथल्या खडकावर त्याची प्रशस्ती कोरविली. तीत तो अभिमानाने नोंदवतो की प्रजेला कर, विष्टी आणि प्रणय (मागून घेतलेली 'ऐच्छिक' वर्गणी) यांनी न पीडता, स्वतःच्या कोशातून हे काम केले.

८/ आता ही बढाई उलट्या बाजूने वाचा. विष्टी न घेता धरण बांधणे ही खडकावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट होती. याचा अर्थ नेहमीची रीत कोणती होती, हे वेगळे सांगायला नको. शासकांच्या औदार्याच्या नोंदी हा अनेकदा त्यांच्या नित्य व्यवहाराचाच साक्षीदार असतो.

९/ महाराष्ट्रातला पुरावाही याच धाटणीचा. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात ब्राह्मणांना गाव दान देताना ते सर्व प्रकारच्या विष्टीपासून मुक्त केल्याचे लिहिले आहे. एका गावाला सूट मिळाली. शेजारच्या गावांचा ताम्रपट कोणी कोरला नाही.

१०/ मध्ययुगात या शब्दाला फारसी जोडीदार मिळाला : बेगार. मराठीला अशा जोड्या आवडतात : कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत. तशीच 'वेठबेगार', पुढे 'वेठबिगार'. राज्यकर्त्यांची भाषा बदलली, दरबार बदलले. नव्या भाषेने जुन्याच कामाला दुसरे नाव दिले आणि रयतेने दोन्ही नावे एका दोरीत बांधून ठेवली.

११/ मराठेशाहीतील इनामाच्या सनदांत आणि कौलांत माफ केलेल्या बाबींची यादी येते. तीत वेठबेगार वारंवार आढळते. रुद्रदामनाच्या प्रशस्तीला लावलेला नियम इथेही लागू पडतो : जी गोष्ट माफ करावी लागते, ती एरवी चालू असते.

१२/ खान्देशापुरते पाहिले तर या प्रदेशाचे स्थानच वेठीला आमंत्रण देणारे होते. बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जाई. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, सोनगीर, शिरपूर मागे टाकत सातपुड्यात शिरतो. फौजा, अधिकारी, तंबू, दारूगोळा याच वाटांनी गेले. आणि ज्या वाटेने सरकार चालते, त्या वाटेवरच्या गावाला सरकारचे ओझे उचलावे लागते.

१३/ पद्धत साधी होती. अंमलदाराचे सामान एका गावाच्या माणसांनी पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे, तिथे दुसऱ्या गावाची माणसे तयार ठेवायची. पेरणी असो की कापणी, बोलावणे आले की निघायचे. वेठीचा खरा जाच ओझ्याच्या वजनात जितका होता, तितकाच तिच्या वेळेत होता. ज्या दिवशी स्वतःच्या शेतात वाफसा आलेला असेल, नेमका त्याच दिवशी माणूस दुसऱ्याच्या तंबूचे खांब वाहत असायचा.

१४/ गावात वेठ सर्वांवर सारखी पडत नसे. तिचा सर्वांत मोठा वाटा महारांकडे येई. सांगावा पोचवणे, सरकारी माणसांची सरबराई, ओझी, राखण; कामाला ठराविक तास नव्हते आणि यादीला शेवट नव्हता. वतनाच्या जमिनीचा तुकडा हा या अमर्याद मागणीचा मर्यादित मोबदला होता.

१५/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच कारणाने. त्यांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. वतनदार महार चोवीस तास सरकारचा नोकर असतो, तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्याला धरले जाते. म्हणजे नोकरी एका माणसाची आणि बांधील सारे कुटुंब. कनिष्ठ गाव वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली.

१६/ कंपनी सरकारने १८१८ मध्ये खान्देश घेतला, तेव्हा डोंगरांतल्या भिल्लांशी दीर्घ संघर्ष झाला. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रमच्या हाताखाली धरणगाव येथे खान्देश भिल्ल पलटण उभी राहिली. लढणाऱ्यांना पलटणीत घ्यायचे, उरलेल्यांना तगाई देऊन शेतीवर बसवायचे, असे ते धोरण होते.

१७/ पण शेतीवर 'बसवलेला' माणूस जमिनीवर टिकेलच असे नसते. सारा रोखीत, पीक बेभरवशाचे, कर्ज सावकाराचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाचा भाव आणि रेल्वे यांनी तापीकाठच्या काळ्या जमिनीची किंमत वाढवली. सपाटीवरच्या अनेक भिल्लांची जमीन गेली आणि त्याच जमिनीवर ते मजूर म्हणून उरले.

१८/ इथे वेठीचे रूप पालटले. पूर्वी मागणी राजाची होती, आता धनकोची झाली. पूर्वी बोलावणे चावडीवरून येई, आता ते उचलीच्या कागदावरून येऊ लागले. १८५९ च्या तेराव्या कायद्याने तर आगाऊ रक्कम घेऊन काम न करणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. देणे फिटले नाही तर दिवाणी दावा, आणि श्रम फिटले नाहीत तर तुरुंग, असा तो न्याय होता.

१९/ त्याच काळात देशात इतरत्र वेठीविरुद्ध लोक उभे राहत होते. १९१७ मध्ये गोध्रा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या पहिल्या गुजरात राजकीय परिषदेत वेठीचा प्रश्न पुढे आला. जानेवारी १९२१ मध्ये कुमाऊँतील बागेश्वर येथे उत्तरायणीच्या जत्रेत गावकऱ्यांनी कुली-बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडवल्या. तेलंगणात निजामाच्या राज्यातील वेट्टी हे शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याचे एक मुख्य कारण ठरले.

२०/ स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद २३ मध्ये या प्रथेला मनाई केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा शब्द तसाच ठेवला आहे. त्याचा भाषांतराने भागणारा पर्याय नसावा. शतकानुशतके रयतेच्या तोंडी असलेला शब्द देशाच्या मूलभूत कायद्यात जसाच्या तसा जाऊन बसला.

२१/ आता शहादा. हा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यात होते. इथल्या शेतीचा कणा होता सालदार : वर्षाच्या कराराने एकाच मालकाकडे राबणारा शेतमजूर. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. त्याच दिवशी नवा करार ठरतो, उचल दिली जाते.

२२/ आखाजी हा खान्देशातला केवढा सण! सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही या सणावर कविता रचावीशी वाटली. आणि त्याच दिवशी ओसरीवर एका माणसाचे पुढचे बारा महिने बोलून ठरत असत. एकाच तिथीची ही दोन तोंडे पाहिल्याशिवाय खान्देशचा कृषी-इतिहास पुरा होत नाही.

२३/ प्रत्येक सालदार वेठबिगार होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक घरांत सालदार आणि मालक यांचे संबंध जिव्हाळ्याचे राहिले, पिढ्यान्‌पिढ्या टिकले. प्रश्न स्वभावाचा नसून रचनेचा होता. उचल फिटत नाही, मधेच सोडता येत नाही, सुट्टीचा हक्क नाही, कामाला तास नाहीत. मालक चांगला निघाला तर साल सुखाचे, नाही निघाला तर दाद मागायला जागा नाही.

२४/ मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातील पाटीलवाडी येथे गोळीबारात एका भिल्लाचा मृत्यू झाला आणि दबलेला असंतोष उघडा पडला. सर्वोदयाशी जोडलेले भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आधीपासून लोकांना संघटित करीत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मोठा मेळावा झाला. बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते त्यांना मिळाले आणि श्रमिक संघटना उभी राहिली.

२५/ मागण्या पाहा : गेलेली जमीन परत, किमान वेतन, सालदाराला सुट्टी, मारहाणीला बंदी, दुष्काळात रोजगार. यांत क्रांतीची भाषा कमी आणि वेळेची भाषा जास्त आहे. माझ्या दिवसाला शेवट असावा, माझ्या वर्षात मला नाही म्हणता यावे, एवढेच मागणे. वेठीची व्याख्या उलटी केली की हीच यादी हाती येते.

२६/ याच चळवळीत आदिवासी स्त्रियांनी १९७२-७३ मध्ये दारूविरोधी मोहीम उघडली, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. शेतावरचे राबणे आणि घरातली मारहाण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांना मान्य नव्हते. अंबरसिंग १९७४ मध्ये वारले, पण चळवळ पुढे चालली. तिच्यातूनच वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी मराठीला मिळाला.

२७/ ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमाने आणि पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धत देशभर रद्द झाली. या कायद्यात प्रांतोप्रांतीच्या प्रथांची नावे दिली आहेत : हाली, बेठू, जीथा, कामिया, सागडी आणि शेवटी वेट्टी. आपल्या वेठीची तेलुगू बहीण त्या यादीत आहे, 'सालदार' मात्र नाही. यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे कायदा अडत नाही. पण कायद्याला ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला स्वतःची ओळख पटवून देण्याचे कष्ट अधिक पडतात.

२८/ १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात वेठीची व्याख्या आणखी खोल नेली. न्या. भगवती यांच्या निकालाचा आशय असा : सक्ती केवळ काठीची किंवा कायद्याची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर कोणी राबत असेल, तर तो स्वेच्छेने राबत नाही, ती सक्तीच आहे. रुद्रदामनाची बढाई आणि हा निकाल यांत अठराशे वर्षांहून अधिक अंतर आहे.

२९/ आता पहिल्या दोन वाक्प्रचारांकडे परत येऊ. 'वेठ मारणे' म्हणजे मन न लावता, कसेबसे काम उरकणे. हा अर्थ कोठून आला? फुकट करवून घेतलेले काम माणूस जीव ओतून कसे करील? काम रेंगाळवणे, अर्धेमुर्धे टाकणे, एवढेच त्याच्या हाती होते. दुबळ्याच्या या एकमेव प्रतिकाराचे नाव भाषेत 'कामचुकारपणा' असे नोंदले गेले. शब्दाचा अर्थ ठरवताना ओझे वाहणाऱ्याला कोणी विचारले नाही, तो ओझे लादणाऱ्याने ठरवला.

३०/ 'पाट्या टाकणे' याचीही तीच कहाणी. पाटी डोक्यावर असणाऱ्याच्या दृष्टीने ती दिवसभराची मेहनत; खुर्चीवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो निष्काळजीपणा. 'राबणे' आणि 'राबवणे' यांतही हेच अंतर : माणसे राबतात, योजना मात्र राबवल्या जातात.

३१/ आणि 'वेठीस धरणे'? शतकानुशतके ज्यांना वेठीस धरले गेले, त्यांच्या हाती विसाव्या शतकात नकाराचे एक साधन आले : संप. शहाद्याच्या सालदारांनी काम थांबवले, ते वेठ नाकारण्यासाठी. आज मात्र आपण हा शब्द सर्वाधिक वापरतो तो काम थांबवणाऱ्यांविरुद्ध. काम करायला लावणे म्हणजे वेठ, हा मूळ अर्थ. काम न करणे म्हणजे वेठ, हा आजचा अर्थ. शब्द जागचा हलला नाही, त्यातली माणसे मात्र बदलली.

३२/ यावर प्रामाणिक आक्षेप येऊ शकतो : संपात रुग्णाचे खरेच हाल होतात, एसटी बंद पडली की परीक्षेला निघालेली मुलगी खरेच अडकते. हे मान्य. त्यांच्या हालांना शब्द हवाच. अडवणूक, गैरसोय, कोंडी असे शब्द आपल्याकडे आहेत. पण 'वेठ' या शब्दात एक वर्ग दुसऱ्या वर्गाचे श्रम फुकट घेतो, हा दोन हजार वर्षांचा अनुभव साठलेला आहे. तो शब्द सैल वापरला की तो अनुभव सांगायला दुसरा शब्द उरत नाही.

३३/ आणि तो अनुभव संपलेला नाही. ऊसतोडीचा हंगाम आला की खान्देशातून जोड्या उचल घेऊन निघतात. कोयता दोघांचा, हिशेब मुकादमाचा. सातपुड्याच्या पायथ्यापासून मजूर गुजरातकडे जातात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ओझी वाहणारे खांदे आहेतच. उचल हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. ज्यांना हा धागा आपल्या गावाविषयी वाटतो, त्यांनी पुढच्या आखाजीला करार ठरताना जरा कान देऊन ऐकावे.

३४/ इतिहासाच्या साधनांत आपण ताम्रपट, नाणी, बखरी मोजतो. रोजच्या बोलण्यातला शब्दही तितकाच जुना दस्तऐवज असतो. फरक एवढाच की तो कोणत्याही दप्तरखान्यात ठेवलेला नसतो, तो आपल्या तोंडात असतो. पुढच्या वेळी 'वेठीस' असा मथळा दिसला की इतकाच प्रश्न विचारावा : इथे धरणारा कोण आहे आणि धरलेला कोण?

३५/ धागा संपला. तुमच्या भागात सालदार, उचल, बिगारी यांसाठी अहिराणी, तावडी, भिल्ली किंवा पावरी बोलीत वेगळे शब्द असतील तर खाली अवश्य लिहा, शक्य असेल तर गावाच्या नावासह. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर फारच उत्तम. असे शब्द कोशात येण्याआधीच नाहीसे होतात.